फोन वाचवायचा की डेटा?

मागच्या दोन आठवड्यांत आलेल्या मेसेजेसपैकी निम्मे तरी एकाच विषयावर आहेत. फोन भिजला, आता काय करू? पावसाळा आहे, साहजिकच आहे. कुणाचा रेनकोटच्या खिशात भिजलाय, कुणाचा ट्रेकला ओढ्यात पडलाय, आणि एकाचा तर बादलीत. (कपड्यांबरोबर. तो मेसेज ऐकून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.) म्हणून या एपिसोडमध्ये जे बोललो ते इथे नीट लिहून काढतोय. बोलताना एकमेकांना तोडलेली वाक्यं आणि पन्नास वेळा आलेलं ‘म्हणजे बघ ना’ काढून टाकलंय.

ज्यांनी आधीचे भाग ऐकले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला. माझा को-होस्ट बोर्ड रिपेअरिंग करतो, म्हणजे दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा आणि हातात सोल्डरिंग आयर्न. त्यामुळे पाणी, गंज आणि शॉर्ट ही माहिती त्याची, एन्क्रिप्शनची बडबड माझी.

सुरुवातीलाच एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवा. भिजलेल्या फोनमधलं तुम्हाला काय परत हवंय, फोन की आतला डेटा? दोन्ही हवं असं सगळेच म्हणतात. पण बऱ्याचदा या दोन वाटा वेगळ्या होतात, आणि कुठल्या वाटेने जायचं ते पहिल्या तास-दोन तासांत, गडबडीत ठरून जातं.

तांदळाचं काय?

तांदळात ठेवू नका. संपला विषय. पण ‘माझ्या मावसभावाचा झाला होता ना ठीक’ असं म्हणणारे लोक असतात, म्हणून जरा सविस्तर.

तांदूळ ओलावा शोषतो हे खरं. भाताच्या मुटक्यांनी पोती भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे कुणाला सांगायला नको. पण डब्यातला तांदूळ आधीच हवेतला ओलावा पिऊन बसलेला असतो, पावसाळ्यात तर जास्तच. आणि फोनच्या आतलं पाणी जिथे अडकलेलं असतं, तिथून ते तांदळापर्यंत येणार कसं? बोर्डावरच्या चिप्सवर पत्र्याची झाकणं असतात, त्यांना शील्ड म्हणतात. त्या झाकणांखाली आणि चिपच्या पोटाखाली, जिथे केसाएवढीही फट नसते, तिथे पाणी ओढलं जातं आणि बसून राहतं. बाहेर ठेवलेल्या बासमतीचा तिथे काही संबंध येत नाही.

जे फोन तांदळात ‘बरे’ होतात, ते टेबलावर पंख्याखाली ठेवले असते तरी बरे झाले असते. आत पाणी फारसं गेलेलंच नसतं. उलट तांदळाची पूड आणि कणी चार्जिंग पोर्टमध्ये जाते ती वेगळीच. अ‍ॅपलने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सपोर्टच्या पानावर स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे बारीक कण फोनचं नुकसान करू शकतात. त्याच पानावरचा सल्ला अगदी साधा आहे. पोर्ट खाली करून फोन हातावर हळू आपटा, मग हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. पोर्टमधला ओलावा पूर्ण जायला कधी कधी एक दिवस लागतो.

पण तांदळाचा खरा तोटा पूड हा नाही. खरा तोटा वेळेचा आहे. माणूस फोन डब्यात घालतो आणि निश्चिंत होतो. दोन दिवस. त्या दोन दिवसांत आत काय चाललेलं असतं, ते आता सांगतो.

फोनला मारतं ते पाणी नव्हे

माझा को-होस्ट हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. पाणी फोनला मारत नाही, पाण्यात असताना वाहणारा करंट मारतो.

शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. पण नळाच्या, पावसाच्या, ओढ्याच्या पाण्यात क्षार असतात आणि त्या क्षारांमुळे करंट वाहतो. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, म्हणून तारकर्लीला पडलेला फोन आणि घरी बेसिनमध्ये पडलेला फोन या दोन वेगळ्या केस आहेत. गोड चहा, सरबत, साबणाचं पाणी यांची आणखी वेगळी तऱ्हा. पाणी उडून जातं, पण साखर आणि साबण मागे चिकट थर सोडून जातात.

आता बोर्डावर बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर दोन तांब्याची टोकं आहेत. एकावर बॅटरीचे चारेक व्होल्ट, दुसऱ्यावर शून्य. मध्ये पाण्याचा थेंब. झालं, तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातला विद्युत अपघटनाचा प्रयोग सुरू! प्लस बाजूचं तांबं विरघळतं, पाण्यातून सरकतं आणि मायनस बाजूला जाऊन साचतं. साचताना बारीक फांद्यांसारखं वाढत जातं आणि कधी कधी पलीकडच्या टोकाला जाऊन भिडतं. म्हणजे शॉर्ट. आणि जिथून तांबं गेलं तिथली रेघ तुटलेली, म्हणजे ओपन. दोन्ही बाजूंनी वाट लागते. डिस्प्लेच्या बॅकलाइटला तर बऱ्याच एलसीडी फोनमध्ये वीस व्होल्टच्या आसपास दाब लागतो, त्यामुळे त्या भागातला गंज आणखी वेगाने होतो. मायक्रोस्कोपखाली तो हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर दिसतो. को-होस्टने मला एकदा दाखवला होता. देवळातल्या जुन्या तांब्याच्या घंगाळाला जसा चढतो ना, अगदी तसाच रंग.

फोन बंद केला म्हणजे हे थांबलं का? पूर्ण नाही. आजकाल बॅटरी काढता येत नाही, आणि फोन बंद असला तरी काही लाइन्सवर व्होल्टेज असतंच, नाहीतर पॉवर बटण दाबलेलं त्याला कळणार कसं? पण बंद केल्यावर बहुतेक लाइन्स शांत होतात, नुकसानीचा वेग खूप कमी होतो. म्हणून पाण्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणजे फोन बंद. ‘चालतोय का बघू’ म्हणून व्हॉट्सॲप उघडायचं नाही, कॅमेरा लावून बघायचा नाही, कुणाला मिस्ड कॉल द्यायला सांगायचं नाही.

आणि सगळ्यात घातक म्हणजे चार्जर लावणं. थेंब पोर्टमध्ये असताना बाहेरून पाच व्होल्ट, फास्ट चार्जर असेल तर वाटाघाटी झाल्यावर नऊ किंवा त्याहून जास्त. हल्लीचे बरेच फोन पोर्टमध्ये ओलावा दिसला की स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह किंवा सूचना दाखवून चार्जिंग नाकारतात. तिथे लोक काय करतात? केबल बदलून बघतात. मग चार्जर बदलून बघतात. मग शेजारच्यांचा आणतात. अरे, तो फोन तुम्हाला हात जोडून नको म्हणतोय!

हेअर ड्रायरही नको. गरम हवेने पाणी बाहेर येण्याऐवजी आणखी आत ढकललं जातं, शिवाय बॅटरीला आणि स्क्रीनच्या गोंदाला उष्णता मानवत नाही.

मग करायचं काय? बंद करा, कव्हर काढा, सिम ट्रे काढा, पुसा, आणि ज्याला बोर्डाचं काम येतं अशा माणसाकडे त्याच दिवशी न्या. तो फोन उघडेल, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढेल (हे एवढं एक काम झालं तरी अर्धी लढाई जिंकली), शील्ड काढेल आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुईल. बऱ्याच जणांकडे अल्ट्रासोनिक क्लीनर असतो. सोनाराकडे दागिने साफ करायचं मशीन असतं ना, त्याचाच भाऊ. घरी यूट्यूब बघून हे करू नका. ते अल्कोहोल पटकन पेट घेतं आणि बॅटरी जोडलेली असताना तर अजिबात नाही.

‘पण माझा आयपी६८ आहे’

माहितीये. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. पुढचा आकडा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. आठ म्हणजे त्याहून कडक, आणि किती खोल, किती वेळ ते कंपनी स्वतः सांगते. ही चाचणी नव्या फोनवर, लॅबमध्ये, साध्या पाण्यात होते. तुमचा फोन दोन वर्षांचा, तीनदा पडलेला, एकदा स्क्रीन बदललेला. पाणी अडवतं ते आतलं रबर आणि कडेचा गोंद. स्क्रीन बदलताना तो गोंद निघतो आणि पुन्हा तसाच बसतो याची कुणी गॅरंटी देत नाही. गंमत म्हणजे जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात आणि वॉरंटीच्या अटींमध्ये पाण्याचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. सिम ट्रेच्या खाचेत टॉर्च मारून बघा, अनेक फोनमध्ये तिथे एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. काउंटरवरचा माणूस आधी तोच बघतो.

आता माझा भाग. डेटा आत का अडकतो?

आपल्या डोक्यात अजून जुना हिशोब आहे. कॉम्प्युटर बिघडला तर हार्ड डिस्क काढायची, दुसऱ्याला लावायची, फोटो कॉपी करायचे. कॉलेजमध्ये मीही दोन-चार मित्रांना हे करून दिलंय आणि बदल्यात मिसळ खाल्लीये. मग फोनची मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डाला का नाही लावता येत?

चिप काढता येते. वाचताही येते. पण आतून जे निघतं तो निव्वळ कचरा असतो, कारण सगळं एन्क्रिप्टेड असतं. आयफोनमध्ये २००९ च्या थ्रीजीएसपासून हार्डवेअर एन्क्रिप्शन आहे. अँड्रॉइडने २०१५ मध्ये, सहाव्या आवृत्तीपासून, क्षमता असलेल्या नव्या फोनना ते सक्तीचं केलं आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात येणाऱ्या फोनना प्रत्येक फाईल वेगळी कुलूपबंद करणारी पद्धत सक्तीची झाली. म्हणजे आज तुमच्या हातात असलेला फोन जवळपास नक्की यातलाच.

कुलूप आहे तर किल्ली कुठे? इथेच सगळी मेख आहे. किल्लीचे दोन तुकडे असतात असं समजा. एक तुकडा प्रोसेसरच्या आत, कारखान्यातच पक्का बसवलेला. तो बाहेर वाचताच येत नाही, बनवणाऱ्या कंपनीलासुद्धा नाही. दुसरा तुकडा म्हणजे तुमचा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड. दोन्ही त्याच प्रोसेसरच्या सुरक्षित कोपऱ्यात एकत्र आले तरच खरी किल्ली तयार होते. ती साधारण २५६ बिटची. अंदाजाने शोधायची म्हटली तर ७८ अंकी संख्येएवढे पर्याय. त्या भानगडीत पडूच नका.

हे तुम्हाला घरबसल्या बघता येतं. फोन रीस्टार्ट करा आणि पिन टाकू नका. मग आईला तुम्हाला फोन करायला सांगा. रिंग वाजेल, पण बऱ्याच फोनवर ‘आई’ असं नाव येणार नाही, नुसता नंबर दिसेल. कारण फोन लागण्यापुरता आणि अलार्म वाजण्यापुरता भाग आधी उघडतो, पण तुमचे कॉन्टॅक्ट्स अजून कुलपात आहेत. पिन टाकला की नावं दिसायला लागतात. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा का चालत नाही, पिनच का मागतो, त्याचं उत्तरही हेच. ठसा ही किल्ली नाही, उघडलेल्या घराची कडी आहे फक्त.

यावरून २०१६ चं सॅन बर्नार्डिनोचं प्रकरण आठवतं का? एफबीआयकडे हल्लेखोराचा आयफोन ५सी होता. मेमरी काढून दुसरीकडे लावायचा मार्ग सोपा असता तर त्यांना कोर्टात जावंच लागलं नसतं. त्यांनी अ‍ॅपलकडे मागितलं ते काय? चुकीचे पिन टाकल्यावर फोन जो वेळ थांबवतो आणि डेटा पुसू शकतो, ती अडचण काढून द्या, म्हणजे आम्ही त्याच फोनवर एकेक पिन लावून बघतो. त्याच फोनवर! शेवटी त्यांना तिसऱ्याच कुणाची तरी मदत मिळाली आणि केस मागे घेतली गेली. तो जुना फोन होता, त्यानंतरच्या फोनमध्ये हा कोपरा आणखी पक्का झालाय.

तर मुद्दा हा, की तुमचा डेटा नुसत्या मेमरी चिपमध्ये नसतो. तो त्या प्रोसेसर, ती मेमरी आणि तुमचा पिन या तिघांच्या जोडीत असतो. म्हणून डेटा हवा असेल तर तोच बोर्ड, निदान थोडा वेळ, जिवंत करावा लागतो. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा सगळं दुसऱ्याचं चालेल. बोर्ड मात्र तोच. अगदी वाईट केसमध्ये काही कारागीर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही उखडून दुसऱ्या बोर्डावर बसवतात. पण ते काम महाग आहे, फार थोड्या लोकांना जमतं, आणि एक चूक झाली की दुसरी संधी नाही.

आणि सर्व्हिस सेंटरवाले काय करतात? बोर्ड बदलतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. त्यांचं काम फोन चालू करून देणं, आणि फॉर्मवर तुम्ही सही केलेली असते की डेटाची जबाबदारी आमची नाही. नवा बोर्ड, चकाचक फोन, आत काहीच नाही. जुना बोर्ड बरेचदा त्यांच्याकडेच राहतो. म्हणून सही करण्याआधी विचारा, बोर्ड बदलणार का? बदलणार असाल तर जुना मला परत मिळेल का? ‘नाही’ म्हणाले आणि आत काही मोलाचं असेल, तर फोन उचलून घरी या.

एका श्रोतीची गोष्ट

हे सगळं बोलायला निमित्त झाली कोकणातली आमची एक श्रोती. तिच्या परवानगीने सांगतोय, नाव-गाव नाही.

तिचे बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांचा अँड्रॉइड फोन घरच्यांनी चालू ठेवला होता, कारण ओळखीच्यांचे, बँकेचे फोन त्यावरच यायचे. आई फक्त आलेला फोन उचलायची. त्याला पिन लागत नाही. पिन कुणालाच माहीत नव्हता, आणि तेव्हा ती अडचणही वाटली नाही. पहिल्या मोठ्या पावसात खिडकीतून पाणी आलं, चार्जिंगला लावलेला फोन रात्रभर ओल्या फळीवर पडून होता.

त्या फोनमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. बाबांनी दोन-तीन दिवाळ्यांना आजीला बसवून रेकॉर्डर ॲपमध्ये घेतलेल्या. आजीही आता नाही. फोटोंची काळजी नव्हती, ते गूगल फोटोजला जात होते. पण गूगल फोटोज म्हणजे फोटो आणि व्हिडिओ. ऑडिओ फाईल त्यात जात नाही. अँड्रॉइडचा नेहमीचा बॅकअपही स्टोरेजमधल्या अशा सुट्ट्या फाईल्स उचलत नाही. ‘बॅकअप ऑन आहे’ हे वाचून आपण निर्धास्त असतो, पण कशाचा बॅकअप, ते कोण बघतं?

दोन दिवस तांदूळ. मग तीन वेळा चार्जर. मग सर्व्हिस सेंटर, तिथे बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं. तिने सही केली नाही. ‘का माहीत नाही, पण हात थांबला,’ असं तिने लिहिलं होतं. तो फोन आमच्याकडे आला.

को-होस्टने उघडला तेव्हा पॉवर सेक्शनचं शील्ड हिरवं झालेलं. धुतल्यावरही बोर्ड पूर्ण शॉर्ट. मग त्याने जुनी युक्ती केली. बोर्डावर रोझिनचा धूर मारून पांढरा थर बसवला आणि बाहेरून हळूहळू करंट दिला. जिथे शॉर्ट असतो तो भाग गरम होतो आणि तेवढ्याच जागचं रोझिन वितळून पारदर्शक होतं. तिळाहून बारीक एक कपॅसिटर निघाला. तो नुसता काढून टाकला. अशा लाइनवर तसे आणखी बरेच कपॅसिटर असतात, एक गेला तरी काम चालतं. दुसरी बॅटरी लावली, दुसरा डिस्प्ले टेकवला, पॉवर दिली. लोगो आला!

आणि मग पिनचा पडदा आला.

को-होस्ट मला फोनवर म्हणाला, ‘माझ्याकडचा तुकडा जिवंत केला रे, आता तुझ्याकडचा दे.’ माझ्याकडे कुठून असणार? तो तुकडा तिच्या बाबांच्या डोक्यात होता.

तिने जन्मतारखा, गाडीचा नंबर असं काही टाकून पाहिलं. दर काही चुकांनंतर फोन थांबायला लावतो आणि ते थांबणं वाढत जातं. मध्ये एका दुकानदाराने तिला सांगितलं, ‘अडीच हजारात लॉक तोडून देतो, अर्ध्या तासाचं काम.’ हे मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण या वाक्याने खूप लोकांचा घात होतो. आजच्या फोनवर दुकानदार ‘लॉक तोडतो’ म्हणजे बहुतेक वेळा फोन रीसेट करतो. लॉक जातं आणि डेटाही जातो, कारण रीसेटमध्ये किल्ल्याच पुसल्या जातात. तुम्हाला फोन वापरण्यालायक मिळतो, तो खोटं बोललेला नसतो. फक्त तुम्ही वेगळं मागत होतात. अँड्रॉइड ४.४ पर्यंत पॅटर्न विसरल्यावर गूगल अकाउंट टाकून आत जाता यायचं. लोकांच्या मनात तेच बसलंय, पण ती सोय केव्हाच गेली. काही कंपन्यांच्या फोनमध्ये आधीपासून चालू केलेलं रिमोट अनलॉक असतं. इथे ते नव्हतं.

सध्या तो फोन को-होस्टच्या कपाटात आहे. ती बाबांच्या जुन्या डायऱ्या, पासबुकं, विम्याच्या फाईली बघतेय. त्या पिढीचे लोक आकडे कुठेतरी लिहून ठेवतात. सापडला तर बोर्ड तयार आहे.

लॅपटॉपवाल्यांनो, तुम्हीही

थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळा भाग करायचाय. लॅपटॉपवर चहा सांडला की आधी बंद, चार्जर बाहेर, उलटा करून ठेवायचा. ते सगळं फोनसारखंच. फरक डेटाचा, आणि तो फरकही आता कमी होत चाललाय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नवं इन्स्टॉलेशन करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. मग मदरबोर्ड बदलून आणला, जुनी एसएसडी लावली, की निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की सहसा तुमच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी उघडलेलं कुठलं अकाउंट आणि त्याचा पासवर्ड काय? आज बसून ती की शोधा आणि कागदावर लिहा. २०१८ नंतरच्या मॅकबुकमध्ये किल्ली चिपमध्येच असते, तिथे बॅकअपला पर्याय नाही.

तुमचे प्रश्न

‘वॉइस नोट्स गेल्या का?’ व्हॉट्सॲपवर समोरच्याने पाठवलेल्या असतील तर त्याच्या फोनमध्ये बघा, आणि तुम्ही पाठवलेल्या ज्याला पाठवल्या त्याच्याकडे. चॅट बॅकअप अँड्रॉइडवर गूगल अकाउंटच्या जागेत जातो आणि २०२४ पासून तो फुकटच्या १५ जीबीत धरला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो. शेवटची तारीख सेटिंगमध्ये दिसते, बघा एकदा. एका मित्राची मागच्या गणपतीतली निघाली.

‘पिन घरी सांगून ठेवणं सेफ आहे का?’ बँकेचे पिन नाही म्हणत मी. पण फोनचा पिन एका माणसाला माहीत असावा, किंवा पाकिटात घालून कपाटात. आई-बाबांना विचारताना अवघडल्यासारखं होतं हे कळतं. माझ्या बाबांना मी ‘बाबा, फोन अपडेट करायचाय’ असं सांगून विचारला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलला. तरी आता आईला माहीत आहे.

‘फोन पडला, स्क्रीन काळी, पण रिंग वाजते. डेटा मिळेल?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय आणि याचं उत्तर सगळ्यात चांगलं आहे. बोर्ड जिवंत आहे. फोन बंद करू नका, चार्ज ठेवा. रीस्टार्ट झालेला नसेल तर बोटाच्या ठशाने अजून उघडेल. झालाच असेल तर ओटीजी अडॅप्टर लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा स्पेस दाबून, न बघता पिन टाकून एंटर मारला की उघडतो. यूएसबी-सीमधून चित्र बाहेर देणारा फोन असेल तर टीव्हीला जोडा, सगळं दिसेल. नुसती केबल लॅपटॉपला लावून काही दिसणार नाही, कारण फोन आधी फक्त चार्जिंग धरतो आणि फाईल ट्रान्सफरची परवानगी स्क्रीनवरच मागतो. पॅटर्न लॉक असेल तर कीबोर्डने काढता येत नाही, माउस आणि बाहेरचा पडदा लागेल. यातलं काहीच नाही जमलं तर दुकानात जुना, ओरखडे असलेला का होईना, डिस्प्ले दहा मिनिटं लावून द्या म्हणावं. फोटो कॉपी होईपर्यंत तेवढा पुरतो.